शॅडोइंगच्या लेखावर आलेल्या कॉमेंटला उत्तर (लांब झालंय, इलाज नाही)

नमस्कार. नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार. मी माझ्या लेखाखाली नाव टाकते, फोटो टाकते, नागपुरात धंतोलीतला माझा दवाखाना कुठे आहे ते पण सगळ्यांना माहितीये, आणि तुम्ही 'एक वाचक' म्हणून यायचं आणि दगड भिरकावून निघून जायचं, हे मला तरी बरं वाटत नाही, पण असो.

ज्यांनी ती कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी, न्यू जर्सीत वाढलेली, तिकडे प्री-मेड करतेय, म्हणजे मेडिकलला जायच्या आधीची डिग्री. यंदा जुलै-ऑगस्टमध्ये ती नागपूरला माझ्याकडे राहिली, माझ्या ओपीडीत बसली, राऊंडला मागे मागे फिरली (डॉक्टरांच्या मागे राहून नुसतं बघायचं, ह्यालाच शॅडोइंग म्हणतात), त्यावर मी लिहिलं होतं. यांचं म्हणणं असं की हा अर्जात एक ओळ वाढवायचा उद्योग आहे आणि अमेरिकेतली कॉलेजं परदेशातल्या शॅडोइंगला फारसं विचारत नाहीत. मग एका शेतमजूर बाईच्या कमरेवरची खपली बघायला भाचीला पुढे बोलावलं तेव्हा बाईला विचारलं होतं का. मग फोटोत भाचीच्या अंगात पांढरा एप्रन कसा काय. नागपूरच्या साध्या घरातल्या मुलांना हे मिळतं का. आणि शेवटी, जे वाचून मला रात्री धड झोप लागली नाही ते, "गरीब पेशंट म्हणजे तुमच्या एनआरआय नातेवाइकांसाठी मांडलेलं प्रदर्शन नव्हे."

आधी हेच घेते, कारण बाकीचं किरकोळ आहे.

किती सहज लिहिता हो! मी मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. आमच्या वेळी पहिलं दीड वर्ष नुसता डिसेक्शन हॉल, म्हणजे मृतदेहावर शिकायचं, आणि नंतर वॉर्डात गेलो तेव्हा एका खाटेभोवती आख्खी बॅच उभी असायची. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, कुठून कुठून आलेले पेशंट, आणि एकाच्या छातीतला मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला जादा आवाज, ऐकायला आम्ही ओळीने स्टेथो लावायचो, तो बिचारा श्वास रोखून धरायचा आणि सर म्हणायचे ऐकलं का नीट, पुन्हा ऐका. तुम्हाला आज जो डॉक्टर बरं करतो ना, तो असाच कुणाच्या तरी खाटेजवळ उभा राहून शिकलाय, तुमच्या फॅमिली डॉक्टरला विचारून बघा. मग तेव्हाचं ते सगळं प्रदर्शन होतं का? १९४७ पासून मेडिकल चालू आहे, तेव्हापासून जे जे शिकून बाहेर पडले ते सगळे प्रदर्शन बघूनच पडले म्हणायचे?

आणि मी तर त्याच्याही आधीपासून. वडील काटोलला शाळेत शिक्षक, शेजारी डॉक्टरकाकांचा दवाखाना, आठवी-नववीत शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. काचेच्या सिरिंज उकळायला ठेवायची, लाईट गेले की टॉर्च धरायची. काकांनी एकदा विंचू चावलेल्या माणसाचा घाम दाखवला होता, शर्ट पिळून काढावा असा, तो मी मेडिकलला शिकायच्या कितीतरी आधी पाहिला आणि विसरले नाही. मला कुणी म्हटलं नाही की ए पोरी, तू इथे गरिबांचं दुःख बघायला आलीस. त्यामुळे मला या विषयावर कुणी शिकवू नये, निदान ज्याने वॉर्डाची एक रात्र काढली नाही त्याने तरी नाही. (काढली असेल तर तसं लिहा, मी वाचीन.)

आता उलटं बघा. आपल्याकडची मुलं एमबीबीएस झाली की यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायच्या परीक्षेच्या मागे लागतात, आणि ऑब्झर्वरशिपसाठी, म्हणजे नुसतं उभं राहून बघायला, तिकडे जातात. डॉलर भरतात, भाड्याच्या खोलीत राहतात, आणि हॉस्पिटलच्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभी राहतात, पेशंटला हात लावायची परवानगी नाही. २०२२ पासून त्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप वनला, मार्कच देत नाहीत, नुसतं पास-नापास, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरच्या पत्राला अजून भाव आलाय. तेव्हा आपण पेढे वाटतो. तेव्हा तो ओहायोतला म्हातारा पेशंट प्रदर्शनात मांडलेला नसतो का? की गोरा पेशंट बघितला तर शिक्षण आणि आपला बघितला तर शोषण? ह्याचं उत्तर द्या आधी.

आणि ती खपली. तुम्ही 'खपली बघायला' असं लिहिलंत जसं काही जत्रेत काही बघायला बोलावलं. स्क्रब टायफस होता तो. गवतात-झुडपात बारीक किडे असतात, त्यांच्या अळ्या चावतात, चावल्याचं कळत पण नाही, दुखत नाही, आणि तिथे सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली धरते, बहुतेक वेळा काखेत, जांघेत, कमरेला नाडीच्या खाली, म्हणजे कपडे बाजूला केल्याशिवाय सापडतच नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आजूबाजूला ह्या तापाने माणसं गेली. डेंगी समजून, टायफॉइड समजून दिवस जातात आणि मग फुप्फुसं, किडनी. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या स्वस्त गोळीने एक-दोन दिवसांत ताप उतरतो. अमेरिकेत हा आजार सहसा दिसत नाही, तिथे शिकणाऱ्या पोरीला तो पुस्तकातल्या फोटोत दिसणार. उद्या तिच्याकडे विदर्भातून मुलाकडे गेलेली कुणी आजी ताप घेऊन आली तर तिला कंबर बघायचं सुचेल, हे कमी आहे का?

विचारलं का म्हणता? तिथे मी, सिस्टर आणि भाची, तिघी बायकाच होतो, पडदा ओढलेला होता. मी म्हटलं ही माझी भाची, अमेरिकेहून आलीये शिकायला, पाहू दे का. बाई म्हणाली, "पाहू द्या ना डॉक्टर, मी काहून नाही म्हणू." झालं. आता ह्याच्यासाठी फॉर्म छापू का? माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

एप्रनचं मान्य. तो घालायला नको होता. पावसाने तिचा कुर्ता ओला झाला म्हणून माझा जुना दिला, आणि पेशंट तिला 'छोट्या मॅडम' म्हणायला लागले, गंमत वाटली म्हणून फोटो काढला. एक-दोघांनी तिलाच गोळी कधी घ्यायची विचारलं, तिने माझ्याकडे बोट दाखवलं. यापुढे साधे कपडे. बघा, बरोबर असलेलं मी बरोबर म्हणते, तेवढा मोठेपणा आहे माझ्यात.

अर्जातल्या ओळीबद्दल फार लिहीत नाही. तिकडे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं, आधी चार वर्षांची डिग्री, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग पुन्हा चार वर्षं एमडी, म्हणजे तिकडची डॉक्टरकीची पहिली डिग्री, आणि त्याआधी डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघितलेलं असावं अशी अपेक्षा असते. ओळखीशिवाय ते तिकडे पण मिळत नाही, लसीचे कागद, टीबीची टेस्ट, प्रायव्हसीचं ट्रेनिंग, आणि तरी डॉक्टर मेलला उत्तर देत नाहीत. म्हणून तिकडची मुलं पैसे भरून कुठल्या कुठल्या देशांत जातात आणि काही ठिकाणी त्यांना टाके पण घालू देतात म्हणे, ते मला पण पटत नाही. एएएमसी ही त्यांच्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिने २०११ मध्येच सूचना काढल्यात की परदेशात गेलात तरी आपलं जेवढं शिक्षण झालंय त्याच्या पुढचं काही करू नका, अर्जाला उलट धोका होईल. भाचीने ते स्वतः मला वाचून दाखवलं. तिने बीपीचा पट्टासुद्धा बांधला नाही. तुम्ही गुगल करून आलात ते चांगलंय, आम्ही पण वाचतो हो.

राहिला नागपूरच्या मुलांचा मुद्दा. २०२४ ला नीटला २४ लाखांच्या वर नावं होती, त्यातली इथली पोरं क्लासमध्ये प्रश्न सोडवत बसलेली, पेशंट कधी पाहिलेला नाही. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्या वर्षीच पेशंट दाखवतात, ते बरं झालं, पण ते ॲडमिशननंतर. मी कुणाला नाही म्हटलंय का? कुणी आलंच नाही विचारायला. भाची घरातली होती म्हणून आली, तुम्ही तुमची पाठवा. फोन न करता सरळ या, पण सकाळी अकराच्या आत, त्यानंतर एमआर लोकांची, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची रांग असते, आणि येताना तुमचं नाव तेवढं सांगा.