गिरणीतला भूप

गेल्या रविवारी सकाळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या गिरणीत ज्वारीच्या आधी माझ्याच पंधरा दिवसांच्या मेहनतीचे पीठ झाले. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी एका अभंगाला भूप रागात चाल लावण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते आणि तीच चाल, कोणाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने, रांगेत गुणगुणत होतो. तशी गिरणी तानपुऱ्याची उणीव भासू देत नाही. मोटर षड्ज, म्हणजे सा, धरून असते. फक्त ज्वारीचा लोट पडला की पट्टा जड होतो, षड्ज खाली घसरतो आणि गाणाऱ्याला दर डब्यागणिक आपली पट्टी उतरवून घ्यावी लागते.

उलट्या डब्यावर बसलेले एक धोतरवाले वृद्ध गृहस्थ म्हणाले, "देशकार झकास लावलासा की, मास्तर."

हा भूप आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

"होय की, स्वर भूपाचेच. पण समेवर कोण बसलंय? धैवत. गांधाराला बिचाऱ्याला दारातच उभं केलासा."

ते शास्त्राला धरून होते, म्हणून अधिक झोंबले. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गांधार (ग) आणि वेळ रात्रीचा पहिला प्रहर, तर देशकाराचा वादी धैवत (ध) आणि वेळ सकाळची. मी मुखडाच पंचमावरून उचलून तार षड्जाकडे नेला होता आणि केरवा तालाच्या 8 मात्रा फिरून आल्यावर समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, धैवतावर विसावत होतो, कारण तिथे शब्द छान बसत होता. शब्द बसला आणि राग उठून गेला.

एवढ्यावर थांबतील तर ते गृहस्थ कसले? "आणि आमच्या कानडी घरात ह्याच पाच स्वरांना मोहन म्हणतात," असे त्यांनी रांगेला उद्देशून जाहीर केले. आता संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या 10 थाटांत, म्हणजे रागांच्या कुळांत, भूप कल्याणात आणि देशकार बिलावलात, तर कर्नाटक पद्धतीच्या 72 मेळांत, म्हणजे तिकडच्या कुळांत, मोहन 28व्या हरिकांभोजीत! मध्यम आणि निषाद हे दोघेही वर्ज्य असल्याने नुसत्या स्वरांवरून कूळ ठरत नाही. ते चालीरीतीवरून ठरवावे लागते. एकाच गावाला दोन नावांनी हाक मारत आयुष्य काढलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये, पण स्वतःच्या चालीचा दाखला गिरणीत तपासला जावा, हे मात्र मला सहन झाले नाही.

पुढे त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेका धरून माझी चाल मलाच दुरुस्त करून दाखवली. ग रे सा, सा रे ग, प ग, अशी ती गांधाराशी येऊन टेकली आणि, कबूल करायला जिवावर येते, बरी वाटली. रांगेतल्या बायका माना डोलावू लागल्या, गिरणीवाल्या पोराने दुसऱ्याच फेरीला ती उचलली. शब्दांना कुठे ताण पडला, हे एकाही जाणकाराने विचारले नाही. चूक काढणाऱ्याला धैवत ऐकू येतो, पण त्या धैवतापर्यंत पोहोचताना आम्ही किती रात्री पेटीचा भाता हलवला ते ऐकू येत नाही, आणि वर घरी मुलांची झोपमोड झाल्याबद्दल बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

पोराचे सारे लक्ष त्या झाकणाकडे होते. जाते आवळायचे तो विसरला, पीठ जाडे आले आणि गेले चार दिवस आमच्या घरी भाकरी थापताना चिरते आहे.