रिक्षाचं गणित समीकरणाने का सुटत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, प्रतिक्रिया सविस्तर दिलीत, बरं वाटलं. मागच्या पोस्टमधल्या ‘शंभर रुपयांत रिक्षाने कुठवर जाता येईल’ या गणितावर तुमचं म्हणणं असं, की असमानतेचं (बरोबरच्या जागी ‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’ची चिन्हं घालून मांडणी करायचं) हे नवीन फॅड कशाला, बरोबरचं चिन्ह टाकायचं, समीकरण सोडवायचं, उत्तर राउंड करायचं, झालं. आणि ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं हे सरळ पाठ करून घ्यावं. तुम्ही वाशीला इतकी वर्षं क्लास घेताय म्हणून नुसता अंगठा दाखवून सोडत नाही, नीट लिहितो.

फॅडचं आधी उरकतो. < आणि > ही दोन चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्लिश गणितज्ञाच्या पुस्तकात १६३१ साली छापली गेली, तेही तो वारल्यावर दहा वर्षांनी. नवीन कसली.

आता रिक्षा. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. ठाणे स्टेशनवरून घोडबंदरच्या बाजूला निघालात, खिशात १०० (सिग्नलला थांबल्याचं वेटिंग धरत नाही, नाहीतर कापूरबावडीलाच पैसे संपायचे). तुमच्या पद्धतीने २६ + १७.१४ × (क्ष − १.५) = १००, क्ष आला ५.८२, राउंड केला तर ६. मुलगा खूश. पण सहा किलोमीटरचं भाडं होतं १०३ रुपये, म्हणजे तीन रुपयांसाठी रिक्षावाल्याशी हुज्जत. इथे खालीच यायला हवं, आणि ते सांगतं कोण, तर ≤ हे चिन्ह (भाडं १०० किंवा त्याहून कमी). उलट १८७ मुलांची सहल आणि ४० सीटच्या बसेस असतील तर ४.६७५ आल्यावर ४ करून चालेल का, ५ च लागणार. बरोबरच्या चिन्हात ही दिशाच नसते हो, मग पोरं अंदाजाने ठोकतात.

अजून एक गंमत. खिशात २० च रुपये असतील तर तेच सूत्र म्हणतं १.१५ किलोमीटर जा. अहो, २६ च्या खाली मीटरच नाही! क्ष निदान १.५ असेल तरच हे सूत्र लागू, ही दुसरी अट पण असमानताच आहे, आणि शाब्दिक उदाहरणात मार्क जातात ते बहुतेक अशा न लिहिलेल्या अटींपायी, आकडेमोडीत नाही.

पाठांतराचं म्हणाल तर पाठ करून घ्या, माझी ना नाही, पण ऐन पेपरात तेच विसरतात ना. ५०० ची नोट आहे, १०० राखून ठेवायचे, वडापाव २२ ला, किती घेता येतील? ५०० − २२क्ष ≥ १००, मग −२२क्ष ≥ −४००, आणि इथे चिन्ह तसंच ठेवलं की उत्तर येतं क्ष ≥ १८.१८, म्हणजे निदान १९ वडापाव घ्याच. एकोणीस घेतले तर ८२ उरतात! मी पोरांना सांगतो की क्ष च्या जागी शून्य घालून बघ, एकही वडापाव घेतला नाही तर शंभर उरतात की नाही? उरतात, मग शून्य तुझ्या उत्तरात बसायला नको का? नाहीतर २२क्ष सरळ पलीकडे न्यायचं, ४०० ≥ २२क्ष, ऋण चिन्हाची कटकटच नाही, उलटवायची वेळच येत नाही. तुमच्या बॅचला एकदा दोन्ही रीतींनी करायला देऊन बघा आणि कुठल्या रीतीत जास्त चुकले ते इथेच कळवा.