‘बंद करून चालू करा’ या एकमेव औषधाविषयी

कार्यालयाचे नेट सारखे जाते म्हणून इंटरनेट कंपनीला फोन करताना गेल्या अकरा आठवड्यांत ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की यापुढे ते कोणी उच्चारल्यास माझ्याकडून सभ्यपणाची अपेक्षा ठेवू नये.

आमचे सांगलीतले करसल्ल्याचे कार्यालय म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हे. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पाच संगणक, एक प्रिंटर आणि दर महिन्याच्या ११ व २० तारखेभोवती फिरणारे आयुष्य, एवढाच हा पसारा. २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरले नाही तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज सुरू होते, आणि हळदीच्या अडत्याला ‘आमचे वाय-फाय गेले होते’ हे कारण सांगून ते माफ होत नाही. एकदा तर अडत्याने फोनवरून ओटीपी वाचून दाखवला, आमच्या सहकारी बाईंनी तो टाकला आणि बटण दाबताच पान कोरे झाले. संगणकाच्या कोपऱ्यात मात्र वाय-फायच्या रेघा पूर्ण भरलेल्या दिसत होत्या. नेट गेल्याचा राग एक वेळ गिळता येतो, पण त्या भरलेल्या रेघा पाहून तळपायाची आग मस्तकात जाते.

तक्रार नोंदवली की पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘डब्यावर लाल दिवा दिसतोय का?’ दिसत नव्हता. लाल दिवा लागला तर फायबरमधून प्रकाश येत नाही हे कळते आणि कोणीतरी निदान वायर तपासायला निघते, पण आमचे सगळे दिवे हिरवे असल्यामुळे ‘आमच्या बाजूने सगळे ओके दाखवत आहे, सर’ या वाक्यापाशी संभाषण संपत असे. मग बंद करून चालू करा. आम्ही बंद करून चालू करत असू, नेट येत असे, तासाभरात पुन्हा जात असे आणि तोवर मोबाइलवर संदेश आलेला असे की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि समाधान न झाल्यास वर अपीलही करता येते, हे मला ठाऊक आहे, पण मुळात जी तक्रार त्यांच्या दप्तरी सुटलेलीच आहे तिचे अपील करायचे म्हणजे आधी ती सुटलेली नाही हे सिद्ध करण्यात आणखी एक दिवस घालवायचा.

तीन वेळा तंत्रज्ञ आला. त्याची तपासणीची पद्धत अशी की मोडेमपासून, म्हणजे कंपनीच्या त्या डब्यापासून, हातभर अंतरावर उभे राहायचे, स्वतःच्या फोनवर वेग मोजायचा आणि ‘बघा, नव्वद येतोय’ म्हणून फोन माझ्या नाकासमोर धरायचा. दुसऱ्या खेपेस त्याच्या फोनवर चक्क मोबाइल डेटा चालू होता, हे मी दाखवून दिल्यावर तो नुसता हसला. त्याची निदाने ऐकण्यासारखी होती: वाड्याच्या भिंती जाड आहेत, शेजारच्यांच्या वाय-फायची गर्दी आहे, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल, आणि शेवटी अर्थातच साडेतीन हजारांचा नवा राउटर घ्या. भिंतींमुळे वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरींची रेंज तुटते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर शेजारी नडतात हे खरे आहे, म्हणून मी स्वतः १, ६ आणि ११ हे तिन्ही चॅनेल बदलून पाहिले. पण माझा स्वतःचा संगणक वायरीने जोडलेला आहे आणि त्याचेही नेट तसेच जाते, मग दोष वाय-फायच्या रेंजचा कसा असेल, हे मी फोनवर तिघांना वेगवेगळ्या दिवशी विचारले. तिघांनीही क्षणभर थांबून राउटर बंद करून चालू करायला सांगितले.

शेवटी २० तारीख उलटल्यावर, रात्री कार्यालय रिकामे झाल्यावर, मीच बसलो. गेटवेचा, म्हणजे ज्या यंत्रातून नेट बाहेर जाते त्याचा, पत्ता सगळीकडे १९२.१६८.१.१ असा एकच होता, पण त्या पत्त्यामागचा मॅक क्रमांक, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, माझ्या संगणकावर एक आणि आतल्या खोलीतल्या संगणकावर दुसराच दिसत होता. म्हणजे एकाच घरक्रमांकाची दोन घरे होती. वायरीच्या मागावर गेलो तर आतल्या खोलीत, २०१८-१९ च्या फायलींच्या गठ्ठ्यामागे, आमचाच जुना राउटर धुळीत लुकलुकत पडलेला सापडला. नवा मोडेम बसवायला आलेल्या याच तंत्रज्ञाने ‘आत रेंज येत नाही ना, मग हा लावून देतो’ म्हणून तो जोडला होता. जोडताना वायर लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, भोकात घातली, पण त्याचा पत्ता बदलला नाही आणि त्यातले डीएचसीपीही बंद केले नाही. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देण्याचे काम डीएचसीपी करते आणि ते एकाच कारभाऱ्याने करायचे असते. आमच्याकडे दोघे वाटत बसले होते. त्यातल्या दुसऱ्याकडे स्वतःचे नेटच नव्हते. जो संगणक त्याच्या दारात जाई तो तिथेच अडके, आणि प्रिंटरला मध्येच दुसऱ्या संगणकाचाच पत्ता मिळाला की तो मुका होई.

आणि बंद करून चालू केल्यावर नेट का येत असे, तर सगळी यंत्रे नव्याने विचारपूस करत आणि त्या घाईत खऱ्या मोडेमचे उत्तर आधी पोचले तर तासभर बरे चाले. म्हणजे ज्या उपायाने माझी तक्रार अकरा आठवडे बंद होत राहिली, त्यानेच दोष अकरा आठवडे झाकून ठेवला. जुन्या राउटरचे डीएचसीपी बंद करून त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यायला मला पाच मिनिटे लागली, त्यातली तीन त्याचा पासवर्ड आठवण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून हे सगळे सविस्तर सांगितले, तेव्हा पलीकडून ‘आता चालू आहे ना, सर?’ एवढेच विचारण्यात आले. संध्याकाळी ॲपमध्ये तक्रारीचा शेरा पाहिला. तिथे लिहिले होते: राउटर रीस्टार्ट केला, समस्या सुटली.