चार पाटील, एक वही

नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्यावरून सुरू झालेलं बोलणं प्रतापरावांनी आडनावावर आणून सोडलं. "दि. बां.बद्दल आदर आहेच. पण पाटील म्हणजे मूळचे आम्ही. शहाण्णव कुळी." बोलता बोलता ते बुलेटची नंबर प्लेट पुसत होते. ४१४१ असा वळवलाय की ‘दादा’ वाचायला आरटीओलाही चष्मा लागू नये.

आमच्या डोंबिवलीच्या कट्ट्यावर पाटीलच चार. प्रतापराव साताऱ्याकडचे, बाळ्या इथलाच आगरी, भूषण जळगावचा लेवा, अजित शिरोळचा जैन. उरलो मी आणि संदीप कांबळे.

बाळ्या पेटलाच. "चौऱ्याऐंशीला जासईला दि. बां.च्या जमिनीच्या आंदोलनावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कुळी विचारली होती का? पाच माणसं गेली. म्हणून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले."

"ते तुझ्या काकाने बिल्डरच्या पदरात टाकले," भूषण म्हणाला.

"काकावर जाऊ नको. तुझ्या बहिणीच्या लग्नात भरीत कमी पडलं, मी कधी काढलं?"

"कमी नाही पडलं. तू तीन पंगतींना बसलास."

अजित सहसा बोलत नाही. "भाऊराव पाटलांचं घराणं मूळचं देसाई. पाटीलकी आली आणि आडनाव बदललं. रयत शिक्षण संस्था काढणारा माणूस, जन्म कुंभोजचा, धर्माने जैन. तिकडे कर्नाटकात वीरेंद्र पाटील दोनदा मुख्यमंत्री झाले, ते लिंगायत. यात कुळी कुठे बसवायची?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं! आमच्याकडे शिक्क्याचा कागद आहे."

हा कागद आम्ही नुसता ऐकत आलोय. एकदा तो पुरात गेला होता, एकदा वाळवीने खाल्ला होता. सध्या चुलत्यांच्या ट्रंकेत असतो.

"असेल की कागद," संदीप म्हणाला. "खरेदीचा असेल. वतनं विकली जायची, प्रतापराव. निम्मी पाटीलकी एकाची, निम्मी दुसऱ्याची, आणि पोळ्याला कुणाचा बैल पुढे यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटायची. महादजी शिंद्यांनी दिल्ली हलवली, तरी पाटील म्हणवून घ्यायची हौस गेली नाही. मानाचं पद होतं ते. गावात गादी एकाची, पण आडनाव लावायला अख्खी भावकी पुढे. म्हणून तर दगड मारला की पाटलालाच लागतो."

इथे मी मान डोलावली. प्रतापरावांनी ती पाहिली आणि माझ्या चहाकडे असं बघितलं, जणू तो त्यांच्याच पैशांचा होता. (होता.)

"बरं, मुलकी, म्हणजे महसुलाची, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली," संदीप थांबेना. "राहिला पोलीस पाटील. तो १९६७ च्या कायद्यातला. वंशाने मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. माझी आत्या आहे आमच्या गावची पोलीस पाटील. म्हणजे या कट्ट्यावर खऱ्या पाटलाच्या घरातला मी एकटाच."

"राखीव जागेवर ना?" प्रतापरावांनी टोमणा मारलाच.

"हो. तुमची तर शंभर टक्के राखीव होती. तीसुद्धा वंशपरंपरेने."

बाळ्याच्या नाकातून चहा आला. भूषणने त्याच्या पाठीत गुद्दे घातले, गरजेपेक्षा जास्तच. प्रतापराव आधी लाल झाले, मग त्यांनाही आवरेना.

तेवढ्यात टपरीवाले मामा उधारीची वही घेऊन आले. महिनाअखेर होती. मामांना कुळी-बिळी ठाऊक नाही. त्यांनी ओळखीपुरतं लिहिलंय: ‘पाटील बुलेट’, ‘पाटील भरीत’, ‘पाटील बिनकांदा’, ‘पाटील लोकल’. चौघांनी आपापलं खातं मुकाट्याने बघितलं.

"आणि हे एक नुसतंच ‘पाटील’ लिहिलंय," मामा बोट ठेवून म्हणाले. "तीनशे चाळीस. कुणाचं?"

भूषणने मोबाइल काढला. बाळ्याला फोन आला, रिंग न वाजता. अजितची लोकल सुटत होती. मामांनी प्रतापरावांकडे पाहिलं.

"आमचं मूळ आडनाव जाधव," प्रतापराव म्हणाले.