तैनानचं संग्रहालय एकाच भाषेचं नाही

तैवानच्या तैनान शहरातल्या राष्ट्रीय तैवान साहित्य संग्रहालयाला तुमच्या लेखात 'चिनी साहित्याचा खजिना' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. २००३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचं मोठेपणच मुळी अनेक भाषांना एका छपराखाली आणण्यात आहे. आदिवासींचं मौखिक वाङ्मय, होक्लो आणि हक्का या तिथल्या भाषांमधलं साहित्य आणि जपानी अमदानीत जपानीतून झालेलं लेखनही इथे तैवानचंच मानलं जातं. इमारतसुद्धा १९१६ ची, जपानी सरकारी कचेरीची!

तैवानी लेखक यांग क्वेई यांचंच बघा ना. १९३४ मध्ये त्यांच्या जपानी कथेला टोकियोच्या मासिकाचं बक्षीस मिळालं. १९४५ मध्ये जपानी राजवट संपली, १९४६ मध्ये नव्या चिनी सरकारने वर्तमानपत्रांतली जपानी बंद केली आणि चाळिशी ओलांडलेल्या या लेखकाला चिनी भाषेत पुन्हा धडपडत उभं राहावं लागलं. पुढे शांततेचं आवाहन लिहिलं म्हणून बारा वर्षं तुरुंगवास. त्यांच्या पिढीतले कितीतरी जण तर कायमचे गप्पच झाले. नोकरीनिमित्त मी तैनानमध्ये राहते. चौकटी आखलेल्या कागदावरची त्या काळातली हस्तलिखितं बघताना मला दर वेळी हेच आठवतं. लेखातलं ते वाक्य कृपया दुरुस्त करा.