आयसीयूच्या राऊंडला कारणंही ऐकू यायला हवीत

आपल्याकडच्या बहुतेक आयसीयूंत राऊंडला ऑर्डरी ऐकू येतात, कारणं ऐकू येत नाहीत. सर येतात, मॉनिटर बघतात, एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, कागद बघतात, "पीप वाढवा, नॉरअ‍ॅड कमी करा, लॅसिक्स द्या" म्हणतात आणि पुढच्या बेडकडे सरकतात. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मान खाली घालून लिहून घेतो. लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आज का आणि काल का नाही, हे सरांच्या डोक्यात अगदी पक्कं असतं. रेसिडेंटच्या हाती मात्र फक्त औषधाचं नाव लागतं. कोल्हापुरात क्रिटिकल केअर करते आणि शिकवतेही, म्हणून मनापासून लिहिते: शिकवण्यात एकच गोष्ट बदलायची झाली तर मी ही बदलेन. सीनियरनं आपला विचार बेडजवळ उभं राहून मोठ्यानं बोलून दाखवावा. शंका आली असेल तर ती शंकासुद्धा.

एक साधं उदाहरण देते. बाई व्हेंटिलेटरवर, दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं भरलेली. वजन ७२ किलो, उंची चार फूट अकरा इंच. रेसिडेंटला "किलोमागे ६ मिली" पाठ असतं, म्हणून तो टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला द्यायची हवा, ४३० मिली लावतो. पाठ बरोबर, उत्तर चूक. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही. १५० सेंटिमीटरच्या बाईचं उंचीवरून काढलेलं हिशेबाचं वजन येतं साधारण ४३ किलो आणि व्हॉल्यूम २६० मिली. म्हणजे तिच्या फुप्फुसांत दर श्वासाला दीडपटीहून जास्त हवा कोंबली जात होती. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात छोटे श्वास दिलेल्या गटात ३१ टक्के मृत्यू झाले आणि मोठे श्वास दिलेल्या गटात जवळपास ४० टक्के. हा आकडा मी वर्गात स्लाइडवर दाखवला तर मुलं फोटो काढतात आणि विसरतात. तेच रेसिडेंटच्या हातात शिंप्याची टेप दिली, त्यानं त्या बाईला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, स्वतः गणित केलं आणि व्हेंटिलेटरचा आकडा स्वतःच्या बोटानं खाली आणला, की ते जन्मभर राहतं. आमच्याकडे ती टेप आता व्हेंटिलेटरलाच बांधलेली असते.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. पावसाळ्यात शाहूवाडी, भुदरगड, चंदगड भागातून पेशंट येतो. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखून उलट्या झालेल्या, अंगावर चाव्याची खूण नाही. दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी गेलेला. दुपारपर्यंत पापण्या उघडेनात, मग गिळता येईना, मग श्वास मंदावला. मण्यार. ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतल्यावर बाहुल्या मोठ्या, उजेडाला प्रतिसाद नाही, हातपाय सैल. नवा रेसिडेंट नातेवाइकांना सांगायला निघतो की मेंदू गेला.

इथे मी सगळ्यांना थांबवते. विष मेंदूत गेलेलं नाही, मज्जातंतूंची टोकं बंद पडलीत. माणूस आत जागा असू शकतो आणि आपण बोलतोय ते त्याला ऐकू येत असतं. म्हणून या बेडजवळ कुणी निराशेचं बोलायचं नाही. पेशंटला नावानं हाक मारायची, काय करतोय ते सांगायचं, झोपेचं औषध पुरेसं आहे का बघायचं, डोळ्यांत मलम घालून ते झाकायचे, घरच्यांना जवळ बोलावून बोलू द्यायचं. नागाच्या विषात निओस्टिग्मिन हे औषध कामाला येतं, मण्यारच्या विषात सहसा येत नाही, याचं कारणही तिथंच सांगायचं: नाग स्नायूवरचा रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूचा निरोप घेणारी जागा, अडवतो, मण्यार मज्जातंतूचं टोकच खराब करते. ते टोक पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, तोवर श्वास आपण द्यायचा. बेडजवळ उभं राहून हे ऐकलेली मुलं मण्यार विसरत नाहीत.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मी सगळ्या बॅचला त्यांचं काम सांगितलं. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे त्यांनी खेड्यातल्या पेशंटशेजारी तासन् तास बसून, बघून, नोंदी ठेवून दाखवलं. आमचं शास्त्र असंच वाढलंय.

आता नाजूक विषय. राऊंडला प्रश्न विचारणं आणि चारचौघांत झापणं यात आपल्याकडे फारसा फरक उरलेला नाही. "एवढं येत नाही, पीजी कशी मिळाली?" हे वाक्य नातेवाइकांसमोर ऐकलेला मुलगा रात्री तीन वाजता सॅच्युरेशन घसरलं तरी फोन करायला कचरतो. तो उशीर पेशंटच्या अंगावर येतो. "मला कळत नाहीये, तुम्ही या" हे ज्याला बिनधास्त म्हणता येतं तोच रेसिडेंट माझ्या लेखी चांगला, आणि त्याला ते म्हणता यावं ही जबाबदारी शिकवणाऱ्याची.

सिस्टरांना राऊंडबाहेर ठेवणंही बंद व्हावं. सक्शन करताना, म्हणजे नळीनं कफ ओढताना, आज घट्ट पिवळं आलं, पेशंट कूस बदलली की बीपी पडतं, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. आमच्याकडे प्रत्येक बेडला पहिलं बोलणं सिस्टरचं असतं.

मॅनिकिनचं, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचं, तर बोलायलाच नको. मी पाहिलेल्या एका कॉलेजात ते कपाटात कुलूपबंद होतं आणि तपासणी आली की बाहेर यायचं. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची हे तोंडानं कुणीही सांगेल. दोन मिनिटांत हात कसे भरून येतात हे दाबल्याशिवाय कळत नाही. खरा अरेस्ट झाल्यानंतर, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्यावर, दहा मिनिटं सगळ्यांनी, अगदी वॉर्डातल्या मामा-मावशींनीसुद्धा, एकत्र बसावं: काय नीट झालं, काय अडलं, ट्रॉलीत काय सापडलं नाही. दोष कुणाचा, हा विषय तिथे काढायचा नाही.

मुळात आयसीयूचा जन्मच विद्यार्थ्यांच्या हातांतून झालाय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वास थांबलेले पहिले ३१ पेशंट आले, त्यांतले २७ गेले. यंत्रं पुरेनात. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब घालून हातानं हवेची पिशवी दाबायची पद्धत आणली, आणि सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने माणसं जगवली.

ही गोष्ट मला सारखी आठवते, कारण गगनबावड्याहून किंवा आंबा घाटाच्या बाजूनं निघालेला मण्यारचा पेशंट कोल्हापूरला जिवंत पोचणार की नाही हे वाटेत पिशवी दाबणाऱ्या हातांवर ठरतं. मास्क नीट बसवून, घाई न करता, छाती वर येतेय का बघत दाबत राहणं हे दुपारभरात शिकवता येतं.

म्हणून कोल्हापुरातल्या माझ्या भूलतज्ज्ञ, फिजिशियन आणि क्रिटिकल केअरवाल्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. मृगाच्या आधी एक शनिवार दुपार द्या. तालुक्यांतले मेडिकल ऑफिसर, सिस्टर आणि १०८ वरची मंडळी यांना सोबत घेऊन सराव करू. मॅनिकिन ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी किल्लीसकट कळवा, ने-आण मी करते.