मोराचा पिसारा टेस्टोस्टेरॉनचा नाही

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन जणांनी टाकला. वर पिसारा फुलवलेला मोर आणि खाली मजकूर: "मोराचा पिसारा, सिंहाची आयाळ, कोंबड्याचा तुरा ही सगळी टेस्टोस्टेरॉनची किमया. हे पुरुषी हार्मोन मादीत नसते, म्हणून मादी साधी आणि भित्री. जितके हार्मोन जास्त तितका पराक्रम जास्त. साऱ्या प्राणिसृष्टीत नरच मोठा आणि नरच राजा. हा निसर्गाचा अटळ नियम आहे. मुलींना लहानपणीच सांगा."

माझी नववीतली भाची तो वाचून म्हणाली, "मावशी, हे खरं आहे का गं?" मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. तिला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते. मेसेज टाकणाऱ्यांपैकी एक काका मला वडिलांसारखे आहेत, माझं भांडण फक्त मजकुराशी आहे.

मोरापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. मोर, कोंबडे, तितर या कुळात पिसांचा नियम मेसेजमध्ये लिहिलाय त्याच्या बरोबर उलटा चालतो. झगमगीत पिसं हा तिथला मूळ साचा. इस्ट्रोजेन, म्हणजे मुख्यतः अंडाशयात तयार होणारं हार्मोन, नसलं की तीच येतात. लांडोरीची मातकट पिसं तिच्या अंडाशयातलं इस्ट्रोजेन मुद्दाम घडवतं, आणि जमिनीवर अंडी उबवत बसणाऱ्या पक्षिणीला तोच रंग वाचवतो. लांडोर म्हणजे काहीतरी कमी पडलेला मोर, असं आपण समजतो. ते खरं नाही. तिच्या साधेपणामागे तिचं स्वतःचं हार्मोन राबत असतं. म्हातारपणी अंडाशय थकलं की काही लांडोरींना मोरासारखा पिसारा फुटतो. लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने 1780 साली अशा एका लांडोरीची नोंद छापली, तेव्हा हार्मोन हा शब्दही जन्मला नव्हता. आणि कोंबडा खच्ची केला तर? त्याचा तुरा सुकतो, आरवणं थांबतं, पण शेपटीची डौलदार पिसं तशीच राहतात.

मादीत नराची लक्षणं येण्याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. आजोळी एक जुनी कोंबडी होती. अंडी घालायची थांबली आणि काही महिन्यांनी तिचा तुरा लाल होऊन वाढला, पायामागे काटा आला. एका पहाटे ती आरवली. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. आजी दचकून उठली, कारण कोंबडी आरवणं म्हणजे अपशकुन. पुढे कॉलेजात कारण कळलं. पक्षिणीत सहसा डावं अंडाशयच कामाचं असतं. ते रोगाने निकामी झालं, तर उजवीकडची न वाढलेली ग्रंथी वृषणासारखी वाढू शकते. आजीला हे सांगेपर्यंत ती कोंबडी आणि आजी दोघीही राहिल्या नव्हत्या. त्याची रुखरुख अजून आहे.

तुऱ्याचं मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. 1849 साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनमध्ये बर्टोल्ड या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या पिल्लांचे वृषण काढले आणि त्यातल्या काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले. बसवलेल्यांना तुरा आला, ती आरवली, भांडली. उरलेली गप्प राहिली. सिंहाची आयाळही टेस्टोस्टेरॉनवरच टिकते. पण म्हणून सगळं एकाच पोत्यात भरता येत नाही. आपल्या गॅलरीतला चिमणा घ्या. विणीच्या दिवसांत त्याची चोच काळी होते, ते टेस्टोस्टेरॉनमुळे. गळ्याखालचा काळा डाग मात्र वृषण काढले तरी येतोच. एकाच पक्ष्याच्या अंगावर दोन काळे रंग, आणि दोघांची कारणं वेगळी.

"हे हार्मोन मादीत नसते" हे वाक्य तर कुठल्याच बाजूने उभं राहत नाही. अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं तेच टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनांपासून. अरोमाटेझ नावाचं एन्झाइम हा बदल घडवतं. म्हणजे मादीच्या शरीरात आधी ते असावंच लागतं. आता नराकडे या. पौरुषाचं प्रतीक म्हणून आपण घोड्याचं नाव घेतो. 1934 साली झोंडेक या हार्मोनांच्या अभ्यासकांनी दाखवलं की वळूघोड्याच्या लघवीतून इस्ट्रोजेन प्रचंड प्रमाणात बाहेर पडतं. ते येतं त्याच्या वृषणांतूनच. नर उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत तर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि तेच मेंदूला नराची घडण देतं. मग पुरुषी कुठलं आणि बायकी कुठलं? सेब्राइट जातीच्या कोंबड्याच्या कातडीत अरोमाटेझ भरपूर असतं, तिथेच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, म्हणून तो आरवतो कोंबड्यासारखा आणि दिसतो कोंबडीसारखा.

हार्मोन किती आहे याइतकंच ते कधी पोचलं हेही बघावं लागतं. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, हे गोठ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. गर्भातच दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि भावाच्या वृषणातले स्राव बहिणीच्या अंडाशयाची वाढ रोखतात. 1959 साली गिनीपिगवर झालेल्या प्रयोगात गाभण माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांच्या पोटच्या माद्या मोठेपणी नरासारख्या वागल्या. वाढ पूर्ण झालेल्या मादीला तेच टोचून तसा कायमचा बदल होत नाही.

पराक्रमाच्या मापाबद्दल थोडक्यात. गाणाऱ्या पक्ष्यांवर काम करून विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलं की पुष्कळदा आधी आव्हान येतं आणि मग टेस्टोस्टेरॉन चढतं. दुसरा नर हद्दीत शिरला की पातळी वर जाते, पिल्लं भरवायची वेळ आली की खाली येते. रक्तातला आकडा बघून कोण जिंकेल ते सांगता येत नाही.

"नरच मोठा आणि नरच राजा" हे तर आपल्या अंगणातच खोटं ठरतं. शिक्रा हा शिकारी पक्षी घ्या, अजगर घ्या, घरातला कोळी घ्या, मादीच मोठी. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर कमळपक्षी दिसतात. मादी आकाराने मोठी, एकापेक्षा जास्त नरांशी जोड्या करते, आणि पानावरची अंडी उबवत बसतो तो नर. आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसांच्या कळपात माद्यांचंच चालतं, आणि त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नरापेक्षा जास्त असतं असंही नाही. जिला कळपातल्या नातलगांचा पाठिंबा जास्त, ती वर.

राहिला "अटळ नियम". काका, 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात विश्वामित्री नदीच्या मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या, ते तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. त्या मगरींमध्ये नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं नसतातच. मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि मातीची ऊब पुढचं ठरवते. 31 अंशांपर्यंत जवळजवळ सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर जास्त, त्याहून ऊब वाढली की पुन्हा माद्या. मगरवर्गातल्या प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन लावलं, तर नर होण्याच्या तापमानातही मादी बाहेर येते. आपल्या पुलाखालच्या त्या काठावर एक घरटं झाडाच्या सावलीत असतं आणि दुसरं दिवसभर उन्हात. बहिणी किती आणि भाऊ किती, ते तिथली माती किती तापते यावर ठरतं.